शेटलंडच्या वंशनोंदी आणि आडनावाचा प्रश्न

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड या द्वीपसमूहाच्या काउंटीचे नाव १९७५ पर्यंत ‘झेटलंड’ असे लिहिले जात असे. जुन्या स्कॉट लेखनातील ‘योघ’ हे अक्षर मुद्रकांनी ‘झेड’ने दर्शविल्यामुळे हे रूप रूढ झाले. एका अक्षराने काउंटीचे नाव असे पालटत असेल, तर तेथील माणसांच्या नावांचे काय झाले असेल, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो.

या बेटांच्या वंशनोंदींची सूची करण्याचे काम आज बऱ्याच अंशी स्वयंसेवक करीत आहेत. बाप्तिस्मा व विवाह यांच्या चर्चमधील वह्या, शिरगणतीची पत्रके आणि थडग्यांवरील लेख उतरवून ते आंतरजालावर ठेवतात. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘जेनुकी’ या उपक्रमाने ब्रिटन व आयर्लंड येथील साधनांची मांडणी काउंटी आणि पॅरिश यांच्या क्रमाने केली असून, तयार वंशवृक्षांपेक्षा मूळ साधनांकडे बोट दाखविण्याचे धोरण ठेवले आहे. हे धोरण सर्वथैव उचित होय. मानधनाची अपेक्षा न ठेवता चाललेल्या या परिश्रमांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि सूचीचा साचा आणि सूचीतील माणसे यांचा मेळ शेटलंडच्या बाबतीत बसत नाही.

१४६९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन याने कन्येच्या हुंड्यापोटी ही बेटे स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेवली. राज्य पालटले, ‘नॉर्न’ ही नॉर्स कुळातील बोलीही कालांतराने लुप्त झाली. परंतु नाव ठेवण्याची रीत तिच्यामागेही टिकून राहिली. मॅग्नसचा पुत्र जेम्स हा ‘मॅनसन’ म्हणजे मॅग्नसचा पुत्र. या जेम्सचा पुत्र मात्र ‘जेमिसन’, आणि कन्या ‘जेम्सडॉटर’. मराठी नावात मध्ये येणारे पित्याचे नावच शेवटी यावे आणि आडनाव मुळी नसावे, अशी कल्पना केली म्हणजे अडचणीचे स्वरूप ध्यानात येईल. उत्तरेकडील बेटांत ही रीत एकोणिसाव्या शतकापर्यंत आढळते. पुढे आडनावे स्थिर झाली आणि मुलीही ‘सन’ लावू लागल्या.

आता सूचीत ‘आडनाव’ हा रकाना असतोच. तो भरताना सूचिकार पुष्कळदा दोन पर्यायांत सापडतो. मूळ वहीतील रूप ठेवले, तर पिता, पुत्र व कन्या तीन ठिकाणी विखुरतात. सोयीसाठी पुढच्या पिढीचे स्थिर आडनाव मागच्यांना चिकटविले, तर शोध सुलभ होतो. पण ज्या स्त्रीने ते नाव कधीच धारण केले नव्हते, तिला ते मरणोत्तर मिळते. वंशशोधकाला हा दोष क्षुल्लक वाटेल, भाषाभ्यासकाला वाटणार नाही. ‘डॉटर’ हा अंत्यघटक कोणत्या पॅरिशमध्ये, कोणत्या दशकात लोपला, हे सांगणारे दुसरे इतके नेमके साधन नाही. फेरो बेटांतील भाषापंडित याकोब याकोबसेन यांनी १८९३ ते १८९५ या काळात शेटलंडमध्ये हिंडून नॉर्नचे अवशेष लोकांच्या तोंडून टिपले. बाप्तिस्म्याच्या वह्या दशकवार मोजण्याची जी सोय आज या सूच्यांनी केली आहे, ती त्यांना नव्हती. ती वापरावयाची, तर मूळ अक्षरे हाती हवीत.

इंग्लंड व वेल्स यांच्या जन्म-विवाह-मृत्यूसूचीसाठी १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रीबीएमडी’ने स्वयंसेवकांना ‘दिसेल तसे उतरवा’ असा दंडक घालून दिला आहे. शेटलंडसाठी तो अधिकच आवश्यक मानावा लागेल. शोधासाठी प्रमाणित रूप द्यावयाचे असल्यास ते निराळ्या रकान्यात द्यावे. मूळ रूपाच्या जागी नव्हे.

१८५५ पासून स्कॉटलंडमध्ये नागरी नोंदणी सक्तीची झाली आणि मृत्यूच्या नोंदीत आईचे माहेरचे नावही येऊ लागले. त्यापुढील काळात पिढ्या जुळविणे तुलनेने सुकर आहे, आणि त्या भागात या सूच्या विश्वसनीय ठरतात. त्यापूर्वीच्या भागात मात्र, वही कोणती व पान कोणते हे न सांगता केवळ जुळविलेला वंशवृक्ष जेथे दिला आहे, तेथे त्यातील आडनाव हे सूचिकाराचे अनुमान समजावे.