ॲलन होल्ड्सवर्थ : बदलते बँड, कायम राहिलेला आग्रह

वारंवार बँड बदलणाऱ्या वादकाला ‘अस्थिर’ ठरवणे सोपे असते. ब्रिटिश गिटारवादक ॲलन होल्ड्सवर्थ (१९४६–२०१७) यांच्या संदर्भात हा शिक्का आपण तपासून पाहू.

वादनशैली : होल्ड्सवर्थ यांना मुळात सॅक्सोफोन वाजवायचा होता, जॉन कोल्ट्रेन हे त्यांचे आदर्श. गिटारमध्ये तारेवरचा प्रत्येक आघात ऐकू येतो, तर फुंकवाद्यात सूर अखंड वाहू शकतो. म्हणून त्यांनी उजव्या हाताचे आघात कमी केले आणि पुष्कळ सूर डाव्या हाताच्या बोटांनीच काढले. सतारीवरील कृंतन ऐकले असेल, तर या तंत्राची साधारण कल्पना येईल.

बँडचा प्रवास : ‘सॉफ्ट मशीन’च्या ‘बंडल्स’ (१९७५) या अल्बममधील ‘हॅझर्ड प्रोफाइल’मध्ये त्यांना विस्ताराला भरपूर जागा मिळाली. त्याच वर्षी जॅझ ड्रमवादक टोनी विल्यम्स यांच्याबरोबर ‘बिलीव्ह इट’ आला. १९७७ मध्ये बिल ब्रुफर्ड, जॉन वेटन आणि एडी जॉब्सन यांच्यासह ‘यू.के.’ हा बँड उभा राहिला. त्यातील ‘इन द डेड ऑफ नाइट’ लक्षपूर्वक ऐका. सात मात्रांची घट्ट चौकट खाली ठाम उभी आहे आणि गिटार तिच्यावरून सहज वाहत जाते. मात्र हेच एकलवादन मैफलीतही जसेच्या तसे वाजवणे होल्ड्सवर्थ यांना मान्य नव्हते. एका अल्बमनंतर ते आणि ब्रुफर्ड बाहेर पडले.

मूल्यमापन : म्हणजे बँड बदलले, तरी दर वेळी नव्याने सुचले पाहिजे हा आग्रह बदलला नाही. पण हे अर्धेच सत्य आहे. इतरांच्या चौकटीने त्यांना अडवले, तसे घडवलेही. ‘आय.ओ.यू.’पासून (१९८२) संगीत त्यांचे स्वतःचे झाले. स्वरसंगती अधिक समृद्ध झाली, पण विरोध करणारे कोणी उरले नाही. ‘अटावाक्रॉन’मध्ये (१९८६) सिंथॲक्स या इलेक्ट्रॉनिक वाद्यामुळे ते फुंकवाद्याच्या आणखी जवळ पोहोचले. तरीही तारेशी झगडून मिळवलेल्या सुराची धग तिथे कमी जाणवते.

स्वाध्याय : ‘हॅझर्ड प्रोफाइल’ आणि ‘इन द डेड ऑफ नाइट’ लागोपाठ ऐका. मोकळीक आणि बंधन यांपैकी कशात होल्ड्सवर्थ यांचे वादन अधिक खुलते, ते कारणांसह लिहा.