कारखान्याच्या मापाचा माणूस

'कौशल्य' हा शब्द अलीकडे फार पवित्र झाला आहे. त्याबद्दल प्रश्न विचारणारा गरिबाच्या पोटावर उठला आहे, असे समजले जाते. हा शब्द तपासण्यासाठी मी अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज घेतले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत याच नावाची योजना आपल्याकडे आणली, तेव्हा तो विषय आता परका राहिलेला नाही.

इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली अशा कॉलेजांची सुरुवात झाली. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने देशभर अशी कॉलेजे काढण्याची शिफारस केली. घराजवळ, कमी फीचे, सर्वांना खुले. दोन वर्षे येथे शिका आणि पुढे विद्यापीठात जा, हे त्यांचे वचन होते. पुढे या कॉलेजांनी दुसरेही काम अंगावर घेतले. कारखानदाराशी करार करायचा आणि त्याच्या यंत्रावर, त्याला हवे तसे, हवे तितके कामगार तयार करून द्यायचे. पहिल्या कामात विद्यार्थी हा हेतू होता. दुसऱ्यात तो पुरवठ्याचा माल झाला.

स्टीव्हन ब्रिंट आणि जेरोम कॅराबेल यांच्या 'द डायव्हर्टेड ड्रीम' (१९८९) या पुस्तकाने ही वाट कशी वळली ते दाखवले आहे. त्यांचे म्हणणे असे की विद्यार्थी व्यवसायशिक्षण मागत नव्हते आणि भांडवलदारही सुरुवातीला उदासीन होते. विद्यापीठांच्या सावलीत स्वतःची जागा शोधणाऱ्या संस्थाचालकांनीच हे वळण पुढे रेटले. त्याआधी १९६० मध्ये बर्टन क्लार्क यांनी या कॉलेजांच्या एका कार्याला 'थंड करणे' असे नाव दिले होते. पदवीची आशा धरून आलेल्या मुलाला चाचण्या, सल्ला, समजावणी यांतून हळूहळू खालच्या अभ्यासक्रमाकडे न्यायचे, आणि तेही असे की दोष त्याने स्वतःलाच द्यावा. हा शब्दप्रयोग अर्विंग गॉफमन यांनी ठगांच्या बोलीतून उचलला होता. सावज लुबाडून झाले की टोळीतला एक जण मागे थांबतो, त्याची समजूत घालतो, म्हणजे ते बोंब मारत नाही.

पुस्तक मोलाचे आहे, पण माझा त्याच्यावर एक आक्षेप आहे. ज्याला हे प्रशिक्षणाचे दारही बंद होते, त्याचा प्रश्न येथे मध्यवर्ती नाही. दक्षिण कॅरोलिनाचे उदाहरण घ्या. १९६१ साली या राज्याने बाहेरून येणाऱ्या कारखान्यांसाठी सरकारी खर्चाने कामगार शिकवून देण्याची व्यवस्था उभी केली. त्याच राज्यात हार्वी गँट या काळ्या तरुणाला क्लेमसन कॉलेजात वास्तुशास्त्र शिकण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि जानेवारी १९६३ मध्ये कोर्टाच्या हुकुमानेच त्याला प्रवेश मिळाला. कारखानदारासाठी तिजोरी उघडी आणि काळ्या मुलासाठी फाटक बंद! कौशल्य नुसते कौशल्य कधीच नसते. ते कोणाला द्यायचे हे समाजरचना ठरवते.

आणि खर्च कोणाचा? आयोवा राज्याने १९८३ साली कायदा केला. त्यानुसार कॉलेज रोखे विकून प्रशिक्षणाचा पैसा उभारते. नव्या कामगारांच्या पगारातून कापलेला राज्याचा कर तिजोरीऐवजी या रोख्यांच्या फेडीकडे वळतो. म्हणजे राबणाऱ्याच्या नावाने कापलेल्या करातून मालकाच्या गरजेचे शिक्षण फेडले जाते.

येथे आपण सावध असले पाहिजे. हाताच्या कामाला हलके मानणे हा ब्राह्मणी संस्कार आहे. तो आपण उसना घेण्याचे कारण नाही. कारखाना बंद पडून घरी बसलेल्या चाळिशीच्या माणसाला सहा महिन्यांत नवे काम शिकवणारे कॉलेज त्याच्या घरची चूल पेटती ठेवते. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात मज्जाव होता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला तो विटाळ वाटे. जास्त पगाराचे कसब जातीने अडवले होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे आणला. कसब नाकारले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

म्हणूनच व्हाइसरॉयना १९४२ साली दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी विज्ञान व तंत्रविद्येच्या उच्च शिक्षणाची मागणी केली, परदेशी शिक्षणासाठी सरकारी मदत मागितली, आणि त्याबरोबरच सरकारी छापखाने व रेल्वे यांत उमेदवारीच्या जागाही मागितल्या. त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत कॉलेज काढले. यात विसंगती नाही. हातोडा आणि ग्रंथ दोन्ही हवेत, आणि काय हवे ते मागणाऱ्याने ठरवावे. बुकर टी. वॉशिंग्टन आणि ड्यू बॉइस यांच्या वादात काळा समाज दोन टोकांत ओढला गेला. बाबासाहेबांनी ती फाळणीच मान्य केली नाही.

तेव्हा अशा कोणत्याही योजनेला मी तीन प्रश्न विचारीन. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बैठकीत कारखानदाराच्या शेजारी कामगारांचा प्रतिनिधी बसतो काय? मिळालेले प्रमाणपत्र शेजारच्या कारखान्यात चालते काय, की त्या एका फाटकाबाहेर तो कागद ठरतो? आणि तेथून पुढे पदवीपर्यंत जाणारा जिना आहे काय? तिन्हींची उत्तरे 'होय' असतील तर ते शिक्षण. नसतील तर ती मजूरभरती, आणि तिचा खर्च मालकाकडूनच वसूल झाला पाहिजे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय केली आहे. पूर्वी वर्षभरात शिक्षण सुटले तर त्याला गळती म्हणत. आता तिला प्रमाणपत्र मिळेल. ही सोय कोणासाठी आहे हे वाद घालून कळणार नाही. कॉलेजातल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थी संघटनांनी पहिल्या दारातून बाहेर पडणाऱ्यांची यादी दरवर्षी मागावी. त्यात कोणत्या वस्तीतली, कोणत्या जातींची मुले आहेत, आणि त्यांतली किती परत आली, हे मोजावे. ती मोजणी समोर नसताना कौशल्याच्या गौरवात आपण सामील होऊ नये.