मार्शल-साहाय्य : रासभ कीं दंड?

ॲलन मिलवर्ड यांचा पश्चिम यूरोपच्या १९४५ ते १९५१ मधील पुनर्रचनेवरील ग्रंथ १९८४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यानें एका रूढ समजुतीस जबर धक्का दिला. अमेरिकेनें १९४८ ते १९५२ या काळांत सुमारें १३ अब्ज डॉलर दिले, त्यायोगें यूरोप सावरला व त्याच औदार्यांतून तेथील आर्थिक सहकार्य जन्मास आलें, अशी ती समजूत. मिलवर्ड म्हणतात, १९४७ चें संकट उत्पादनाचें नव्हतें. उत्पादन वाढतच होतें. त्या वाढीस लागणारी यंत्रें व माल अमेरिकेंतून आणण्यास डॉलर मात्र पुरत नव्हते. सहकार्य घडलें तें त्या त्या राष्ट्राच्या स्वार्थांतून.

नैयायिक घटाचीं कारणें सांगतांना कुंभाराच्या दंडास कारण म्हणतात. माती वाहून आणणाऱ्या रासभास मात्र अन्यथासिद्ध ठरवितात. मिलवर्ड यांच्या हातीं सहकार्याच्या बाबतींत अमेरिकन धोरणाची गति बहुतेक त्या रासभाची झाली आहे.

द्रव्यापुरतें हें आम्हांस मान्य आहे. १६ एप्रिल १९४८ रोजीं १६ राष्ट्रांची जी संघटना स्थापन झाली, तिच्यांतून जकात-संघ निघावा अशी वॉशिंग्टनची इच्छा. ब्रिटननें तिला मंत्र्यांच्या सल्लामसलतीपलीकडे जाऊं दिलें नाहीं. साहाय्याचे व्यवस्थापक पॉल हॉफमन यांनीं ३१ ऑक्टोबर १९४९ रोजीं एकीकरणाचा उघड आग्रह धरला, तरी फळ तेंच. साहाय्याचा सर्वांत मोठा वाटा ब्रिटनला मिळाला, आणि १९५१ च्या कोळसा-पोलाद करारापासून दूर राहिला तोहि ब्रिटनच! जेथें द्रव्य अधिक तेथें सहकार्य अधिक, असा अन्वय कांहीं जुळत नाहीं.

परंतु परराष्ट्रधोरण म्हणजे केवळ दान नव्हे. फ्रान्सला १९४५ नंतर रूर प्रांत जर्मनीपासून तोडावयाचा होता. जाँ मोने यांच्या योजनेतील पोलादाच्या कारखान्यांस तेथील कोळसा व कोक हवा होता. अमेरिका व ब्रिटन यांनीं जर्मन उद्योग उभे करण्याचें ठरविलें, आणि १९४८ च्या लंडन-वाटाघाटींनंतर तो मार्ग बंद झाला. जर्मन पोलादावर वर्षास १ कोटि ११ लक्ष टनांची मर्यादा होती. १९५० च्या वसंतांत तीहि उठेल अशीं चिन्हें दिसूं लागलीं. तेव्हां ९ मे रोजीं शूमन यांनीं संयुक्त मंडळाची सूचना केली. हा स्वार्थ फ्रान्सचा खरा, पण त्याला हेंच रूप कां आलें? दुसरें रूप परक्या धोरणानें अशक्य केलें म्हणून. हा सर्व वृत्तांत मिलवर्ड यांनीं मोठ्या परिश्रमानें दिला आहे. अमेरिकेचा हेतु विफल झाला हें त्यांनीं सिद्ध केलें. तिचें कर्तृत्वहि त्यामुळें गौण ठरतें, हें मात्र सिद्ध झालेलें नाहीं. इच्छिलेलें फळ न देणारें कर्म अन्य फळ देऊं शकतें.

देयक-संघाचें उदाहरण आम्हांस याहून बोलकें वाटतें. त्यापूर्वीं व्यापार सुमारें २०० द्विपक्षी करारांत अडकला होता : अमुकाचें येणें तमुकाच्या देण्यांत वळतें करतां येत नसे. १ जुलै १९५० पासूनचे हिशेब बाझलच्या बँकेंत दरमहा एकत्र मिटूं लागले. अमेरिकेनें ३५ कोटि डॉलरचें भांडवल दिलें, आणि सदस्य-राष्ट्रांनीं आपसांत दिलेल्या सवलती अमेरिकन मालास न मिळाल्या तरी तें चालवून घेतलें. त्याच हिंवाळ्यांत जर्मनी तुटींत आला, तेव्हां संघानें त्याला १२ कोटि डॉलरचें विशेष कर्ज दिलें. स्वतःच्या व्यापाराची गैरसोय सोसणारा दंड आम्हीं तरी अन्यत्र फारसा पाहिला नाहीं.

ब्रिटनमार्फत स्टर्लिंग-क्षेत्रहि या हिशेबांत आलें होतें, म्हणजे हिंदुस्थानचा यूरोपशीं होणारा व्यवहारहि. त्या बाजूचा अभ्यास आमच्याकडील कोणा तरुण संशोधकानें हातीं घ्यावा. आरंभ देयक-संघापासून केल्यास बरें.