दौलताबादचा हौद आणि गोरेपणाची मजुरी

दौलताबादचा किल्ला मी पहिल्यांदा शाळेच्या सहलीत पाहिला. रामदेवराय, तुघलक, मेंढा तोफ, अंधारी वाट हे सगळे तेव्हा ऐकले. दरवाजाबाहेरच्या हौदाची हकीकत मात्र फार उशिरा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचताना कळली. अमेरिकेतील वर्णद्वेषाविषयी आपण दुरून हळहळतो. तो प्रश्न या हौदाच्या काठावरून वाचला, तर ती हळहळ इतकी सोपी राहत नाही.

प्रसंग 1934 सालचा. नाशिकहून वेरूळकडे निघालेली तीसेक कार्यकर्त्यांची मंडळी वाटेत किल्ला पाहायला थांबली. दिवस रमजानचे. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी भरलेल्या हौदातील पाण्याने तोंड, हातपाय धुतले. इतक्यात पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान हौद बाटवल्याची ओरड करीत मागून आला आणि जमाव गोळा झाला. तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि आम्ही आज मुसलमान झालो तर हेच पाणी द्याल ना, असे बाबासाहेबांनी विचारल्यावर जमाव गप्प झाला. आत जायची परवानगी मिळाली. पण पाण्याला कुठेही हात लावायचा नाही या अटीवर, आणि ती पाळली जाते की नाही हे बघायला सोबत एक हत्यारबंद शिपाई.

या प्रसंगाचा वापर आज अनेकदा एका धर्माकडे बोट दाखवण्यासाठी होतो. लेखनाची रचनाच त्या वाचनाला नकार देते. बडोद्यातील पारशी, गावोगावचे हिंदू, दौलताबादचे मुसलमान अशी ही एक मालिका आहे. आरोपी एकच नाही, हाच तिचा मुद्दा. तो वृद्ध श्रीमंत होता की गरीब, हेही लेखक सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही. हौदाच्या काठावर उभे राहून दुसऱ्याला हटकण्याचा हक्क त्याला फुकट मिळालेला होता.

पुढच्याच वर्षी, 1935 मध्ये, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ हा ग्रंथ आला. गुलामगिरी संपल्यावरही दक्षिणेतील गरीब गोरे आणि काळे मजूर एकत्र का आले नाहीत, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर असे: गोऱ्या मजुराला पैशाची मजुरी कमी मिळे, पण वर एक मानसिक मजुरी मिळे. बागेत प्रवेश, चांगली शाळा, चारचौघांत मान. आजचा गरीब गोरा अमेरिकन ‘माझ्याकडे कसला विशेषाधिकार?’ असे विचारतो, तेव्हा त्याला मिळणारी ही मजुरी त्याच्या हिशेबात धरलेलीच नसते. ती नाहीशी होताना दिसली की मात्र तो खवळतो, आणि राजकारण त्या रागावर चालते.

1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण करताना महात्मा फुल्यांनी हे नाते ओळखले होते. 1946 मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, तेही याच ओळखीतून.

तरी दोन्ही गोष्टी एक नव्हेत. कातडीचा रंग लांबून दिसतो. दौलताबादला आलेल्या मंडळींच्या अंगावर जात लिहिलेली नव्हती. ती कुणालातरी माहीत असावी लागली. म्हणून आपल्याकडे आधी चौकशी होते: आडनाव काय, गाव कोणते? ही चौकशी विमानातून अमेरिकेतही गेली. फेब्रुवारी 2023 मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक संमत केले, पण आहे तो कायदा पुरेसा आहे असे म्हणत गव्हर्नरांनी ऑक्टोबरमध्ये ते नाकारले. या दोन्ही प्रस्तावांना तिथल्या भारतीयांपैकीच काहींनी कडाडून विरोध केला. गोऱ्यांच्या देशात रंगावरून आपल्याला डावलले जाते, हे ज्यांना चटकन कळते, त्यांनाच स्वतःच्या आडनावाची मजुरी दिसत नाही.

हे मी तिऱ्हाईत म्हणून लिहीत नाही. सहलीत त्या दरवाजासमोर मी पाणी प्यायलो, आणि कुणीही माझे आडनाव विचारले नाही. त्यात काही विशेष आहे, असे तेव्हा मला वाटले नाही. माझी मजुरी तीच होती.