मूल बोलेल तसे

टी. नगरात मे 2021 मध्ये टाळेबंदीमुळे रंगनाथन स्ट्रीट कधी नव्हे ती ओस पडली होती. त्याच महिन्यात जवळच्या के. के. नगरातल्या एका शाळेच्या माजी विद्यार्थिनींनी शिक्षकाविरुद्ध समाजमाध्यमांवर उघडपणे लिहिले आणि त्याला अटक झाली. तेव्हापासून मी बाल-अत्याचारांवरचे चौकशी अहवाल साहित्यासारखे वाचू लागले.

पहिला वाचला तो महिला व बालविकास मंत्रालयाचा, 2007 चा. 13 राज्ये, 12,447 मुले, त्यांतल्या 53.22 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले. बहुतेक मुले तोवर कुणापाशीही बोलली नव्हती. आकड्याचे मोल मी नाकारत नाही. पण अहवाल मिटल्यावर माझ्या मनात उरले ते तक्ते.

ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने (2013 ते 2017) वेगळी वाट धरली. आठ हजारांहून अधिक जणांना त्याने खासगी बैठकीत ऐकले: शपथ नाही, उलटतपासणी नाही, सोबतीला आपले माणूस आणायची मुभा. त्यांतल्या हजारो हकिकती नावे बदलून प्रसिद्ध झाल्या. लिहिल्या आयोगाने, तृतीयपुरुषात. मधूनमधून अवतरणचिन्हांत सांगणाऱ्याचे शब्द. गहिवर नाही, आणि पुढचे आयुष्य (दारू, मोडलेला संसार, उशिरा सापडलेली नोकरी) गुन्ह्याइतकीच जागा घेते. हे मला फार मोठे वाटते. तरी दहा-बारा हकिकतींनंतर सगळ्यांची चाल एकच होते, लिहिणाऱ्याचा हात दिसू लागतो. सांगणाऱ्याची बोली अवतरणचिन्हांपुरतीच उरते.

आपल्या 2012 च्या पॉक्सो कायद्याचे कलम 26 नेमके इथे बोट ठेवते. जबाब मूल बोलेल तसा, त्याच्या विश्वासातल्या माणसासमोर नोंदवायचा. गरज पडल्यास दुभाषी घ्यायचा. कायद्याकडून इतकी वाङ्मयीन अट मी अपेक्षिली नव्हती! अडचण शब्दांची आहे. मराठी बातमीत 'अतिप्रसंग' आणि 'अश्लील चाळे' छापून येतात. हे शब्द कुठलेही मूल बोलत नाही. इथे चेन्नईत घरी तंजावरी मराठी, गल्लीत तमिळ आणि शाळेत इंग्रजी बोलणारी एखादी मुलगी 'सर तसं करतात' एवढेच म्हणेल. त्या 'तसं'च्या जागी 'अश्लील चाळे' लिहिणारा दुभाषी तिचे वाक्य पुरे करत नाही, ते तिच्याकडून काढून घेतो. तिला थांबू द्यावे, पुन्हा विचारावे, आणि तोवर 'तसं'च लिहावे.

कुठलाही अहवाल उघडला की मी आता आधी तो 'तसं' शोधते.