वधूच्या मुखातील ‘पण’

इंग्रजीतील ‘अँड’ हा शब्द मुले पहिल्याच इयत्तेत शिकतात. म्हणूनच की काय, पुढे कोणी त्याच्याकडे वळून पाहत नाही. शेक्सपिअरच्या काळी तो ‘जर’ या अर्थानेही येई. आम्हांला मात्र येथे बोलायचे आहे ते, जेथे तो यायला हवा होता आणि आला नाही, अशा एका जागेविषयी.

गीतरत्नाच्या पहिल्या अध्यायातील पाचव्या वचनात वधू स्वतःला काळी म्हणते आणि सुंदरही म्हणते. या दोन विशेषणांना मूळ हिब्रूत ‘वाव’ हे एकच अक्षर जोडते. वाव म्हणजे आकडा. निर्गमात निवासमंडपाच्या खांबांवरील आकड्यांनाही हाच शब्द आहे. आकडा फक्त जोडतो; जोड मेळाची की विरोधाची, हे संदर्भाने ठरवायचे. प्राचीन ग्रीक भाषांतराने येथे ‘आणि’ ठेवला. संत जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमध्ये ‘सेद’, म्हणजे ‘पण’, योजला. पुढे 1609-10 चे कॅथलिक डुए बायबल आणि 1611 चे प्रॉटेस्टंट किंग जेम्स बायबल, ज्यांचे एरवी शब्दाशब्दावरून वाजे, ते येथे ‘बट’वर एकमत झाले! 1989 च्या न्यू रिवाइज्ड स्टँडर्ड आवृत्तीने ‘अँड’ आणला. आपल्याकडील इंग्रजी मिस्सेची वाचने 2020 पासून ज्या आवृत्तीतून होतात, तिच्यात पुन्हा ‘बट’च आहे.

‘पण’ची बाजू अगदीच लंगडी नाही. पुढच्याच वचनात वधू म्हणते की, माझ्याकडे टक लावून पाहू नका, मी उन्हाने रापले आहे. परंतु भावांनी द्राक्षमळे राखायला लावल्यामुळे रंग कसा आला, एवढेच ती सांगते. तो रंग कुरूप आहे हे ती कोठे कबूल करते? शिवाय पाचव्याच वचनात केदारचे तंबू आणि शलमोनाचे पडदे ती शेजारीशेजारी मांडते. क्षमा मागणारी स्त्री अशी उपमा देत नाही.

‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.’ आमच्या धर्मग्रामात सोयरीक जमवताना हे वाक्य किती सहज येते, आणि दाराआड मुलगी ते ऐकत असते. ‘गोरी आहे, पण देखणी’ असे आम्ही कधी ऐकले नाही.

सेमिनरीत पाठ केलेला ‘सेद’ एकदा प्रवचनात आम्ही तसाच सांगितला. मिस्सेनंतर एका वृद्ध बाईंनी विचारले, ‘फादर, मध्ये पण कशाला?’ आम्हांला उत्तर सुचले नाही. तेव्हापासून प्रवचनात आम्ही ‘आणि’ म्हणतो. पवित्र मरियेच्या सायंप्रार्थनेतील लॅटिन गीत आले की ‘सेद’ मात्र अजून गातो.