शिकणाऱ्या देहाचा सिनेमा

शाओलिन मठाच्या जेवणघराकडे जाताना वाटेत पाण्याचं टाकं लागतं. पाण्यावर ओंडक्यांची एक मोळी तरंगत असते. तिच्यावर पाय टेकवायचा आणि ती बुडायच्या आत पलीकडे उडी घ्यायची, एवढंच काम. जुने भिक्षू सहज पार होतात. नवा तरुण पाय ठेवतो आणि धबकन पाण्यात पडतो. पुन्हा येतो, पुन्हा पडतो; जेवणाची वेळ टळून जाते. १९७८ साली आलेल्या ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ या हाँगकाँगच्या चित्रपटातला हा प्रसंग. मारामारीच्या चित्रपटाचा नायक इथे कुणाशीच लढत नाही. तो अजून स्वतःचा तोल सावरायला शिकतो आहे.

हा तरुण म्हणजे गॉर्डन लिऊ. कुंग फू चित्रपटांचा विषय निघाला की आपल्याकडे ब्रूस ली, जॅकी चॅन आणि फार तर जेट ली एवढीच नावं निघतात. लिऊचं नाव क्वचितच ऐकू येतं. ब्रूस लीचा वेग थक्क करतो, जॅकी चॅनचं धाडस पोटात गोळा आणतं. पण कला अंगात मुरते कशी, हे लिऊइतकं स्पष्ट कुणीच पडद्यावर दाखवलेलं नाही. या चित्रप्रकाराची आजची अवस्था जोखायची असेल तर त्याच्या कारकिर्दीइतका चोख निकष दुसरा नाही, असं मला वाटतं.

लिऊचा जन्म १९५१ चा. लाउ चाम नावाच्या उस्तादाच्या आखाड्यात तो लहानपणापासून घडला आणि पुढे त्याच घराण्याचं आडनाव त्याने लावलं. हा आखाडा हुंग गार शैलीचा. लाउ चाम हा लाम साय-विंगचा शिष्य, आणि लाम साय-विंग हा दक्षिण चीनचा लोकनायक वाँग फेइ-हुंग याचा. आपल्याकडच्या गवयांसारखी ही थेट गुरुपरंपरा आहे. लाउ चामचा मुलगा लाउ कार-लेउंग शॉ ब्रदर्सच्या स्टुडिओत आधी हाणामारीची दृश्यं बसवायचा आणि १९७५ पासून दिग्दर्शन करू लागला. पुढच्याच वर्षी ‘चॅलेंज ऑफ द मास्टर्स’मध्ये त्याने लिऊला तरुण वाँग फेइ-हुंगची भूमिका दिली. ज्या माणसाच्या परंपरेत तो शिकला, त्याच माणसाचं शिकणं त्याला साकारायचं होतं. दोघांच्या पुढच्या कामाचं बीज इथेच आहे.

‘थर्टी-सिक्स्थ चेंबर’ची गोष्ट वरवर सूडाची आहे. मांचू राजवटीच्या अत्याचारात घरदार गमावलेला विद्यार्थी मठात आश्रय घेतो. त्याला तातडीने सर्वांत वरच्या दालनात जायचं असतं. तिथला मंत्रपाठ त्याला क्षणभरही झेपत नाही आणि तो तळाच्या पायरीवर येतो. मग चित्रपटाचा मधला मोठा भाग फक्त सरावाला दिलेला आहे. हात पसरून पाण्याच्या बादल्या चढावरून न्यायच्या. दंडाखाली सुरे बांधलेले, हात जरा खाली आला की टोक बरगडीत रुतणार. लांब बांबूच्या टोकाला जड हातोडा बांधलेला. दुसरं टोक धरून नुसत्या मनगटाच्या जोरावर घंटा वाजवायची. टांगलेल्या वाळूच्या पिशव्यांना कपाळाने धडका देत पुढे जायचं.

या दृश्यांत लिऊचा चेहरा पाहावा. पहिल्या दिवशी तिथे घाबरटपणा आहे, मग हट्ट, मग वैताग. बादल्या नेणारे हात थरथरतात, तेव्हा तो दाताखाली ओठही चावत नाही. त्याचं सगळं लक्ष कोपरात एकवटलेलं असतं. हळूहळू चेहरा निवळत जातो आणि कसब कोपरातून खांद्यात, खांद्यातून पाठीत उतरलेलं दिसतं. मराठीत पैलवानाच्या आखाड्याला तालीम म्हणतात आणि नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतात. लिऊच्या या भूमिकेत हे दोन्ही अर्थ एक होतात. त्याचा सराव हाच त्याचा अभिनय आहे.

१९८० च्या ‘रिटर्न टू द थर्टी-सिक्स्थ चेंबर’मध्ये हाच विचार आणखी पुढे जातो. इथे लिऊ एक भुरटा आहे. रंगाच्या कारखान्यातल्या मजुरांची मजुरी कापली जाते, तेव्हा तो शाओलिनचा भिक्षू असल्याची बतावणी करतो आणि सपशेल उघडा पडतो. मठात गेल्यावर त्याला विद्या मिळत नाही. मिळतं ते मठाभोवती बांबूंची परांची बांधण्याचं काम. तो बांबू उभे करतो, आडवे टाकतो, गाठी मारतो. आपण काहीच शिकलो नाही अशा खंतीने तो परततो, आणि ऐन झटापटीत त्याचे हात गाठ मारावी तसे शत्रूला आवळू लागतात. मुंबईत इमारतीवर अधांतरी उभं राहून परांची बांधणारे मजूर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या कल्पनेतलं सत्य समजावून सांगावं लागणार नाही. श्रमातही विद्या असते, हे इतक्या आनंदाने सांगणारा दुसरा मारधाडपट मला माहीत नाही.

‘हीरोज ऑफ द ईस्ट’मध्ये (१९७८) तर चिनी नवरा आणि जपानी बायको यांच्या भांडणातून दोन देशांच्या युद्धकला समोरासमोर येतात. जपानी उस्ताद एकेक करून लढतात, पण कुणाचाही जीव जात नाही. मद्यधुंद शैली शिकण्यासाठी नायक एका बेवड्या उस्तादाला आडून न्याहाळतो, तो प्रसंग खळखळून हसवतो. तिथेही शिकणं आहेच.

हे सगळं पटतं, यामागे चित्रणाची शिस्त आहे. लाउ कार-लेउंग रुंद पडद्यावर लढणाऱ्यांना डोक्यापासून पायापर्यंत दाखवतो. हात कुठे निघाला, पाय कुठे रोवला, समोरच्याने तो वार कसा जिरवला, हे एकाच चौकटीत दिसतं. नटाला खरोखर येत असेल तरच हे शक्य होतं. १९८४ च्या ‘एट डायग्राम पोल फायटर’मध्ये ही शिस्त रौद्र रूप घेते. चित्रीकरण चालू असताना, १९८३ मध्ये, त्यातला नट अलेक्झांडर फू शेंग मोटार अपघातात गेला. कथा बदलावी लागली आणि सगळा भार लिऊवर आला. त्या चित्रपटातला त्याचा काठीवरचा आवेग हा शोकाचा आवेग वाटतो.

उणिवाही आहेत. ‘थर्टी-सिक्स्थ चेंबर’ मालिकेतल्या १९८५ च्या तिसऱ्या चित्रपटात जुन्याच कल्पना पुन्हा वापरल्या आहेत. लिऊच्या स्वभावरेखांना गुरू आणि ध्येय यांच्यापलीकडे फारसं आयुष्य नसतं. त्याच सुमारास शॉ ब्रदर्सने चित्रपटनिर्मिती आवरती घेतली आणि घराण्याला घडवणारा स्टुडिओच सुटला. लिऊ दूरचित्रवाणी मालिकांकडे आणि खलनायकी भूमिकांकडे वळला. १९९१ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’नंतर तारांवर तरंगणारे नायक आले. त्यात सौंदर्य होतं. पण हवेत उडणाऱ्याला ओंडक्याच्या मोळीवर पाय सावरावा लागत नाही.

आज अवस्था आणखी बिकट आहे. दर सेकंदाला तुटणाऱ्या दृश्यांत कुणी कुणाला मारलं हेच कळत नाही आणि संगणक उरलंसुरलं वजन काढून घेतो. सराव असलाच तर एका गाण्यात उरकतो. २००९ च्या ‘चांदनी चौक टू चायना’त निखिल अडवाणीने अक्षयकुमारसमोर लिऊला खलनायक म्हणून उभं केलं. हा माणूस आपल्या सिनेमात आला, पण त्याच्या हाती दिली ती धारदार कडांची हॅट. त्याच्याकडे देण्यासारखी खरी गोष्ट होती ती विद्या, आणि ती कुणी मागितलीच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०११ मध्ये पक्षाघाताने त्याची कारकीर्द जवळपास थांबली. इंडोनेशियाच्या ‘द रेड’सारख्या चित्रपटांनी लढतीला पुन्हा वजन दिलं, ही आशेची जागा आहे. पण त्यांतले नायक आधीच तयार होऊन येतात. शिकणारा नायक परत यायला हवा.

लिऊचं मोल क्वेंटिन टॅरेंटिनोने ओळखलं. ‘किल बिल’च्या दुसऱ्या भागात (२००४) त्याने लिऊला पै मेइ हा पांढऱ्या दाढीचा गुरू केलं. शॉच्या जुन्या चित्रपटांत पै मेइ हा शाओलिनचा वैरी. ज्या नटाने आयुष्यभर शाओलिनचा शिष्य साकारला, तोच आता त्या वैऱ्याचा अंगरखा घालून उभा राहिला. शिष्येचा हात फळीवर ठोसे मारून सोलवटलेला आहे. जेवताना काड्या धरता येत नाहीत म्हणून ती बोटांनी भात उचलते. गुरू तो भात फेकून देतो. ती थरथरत्या हाताने पुन्हा काड्या उचलते, आणि लिऊ तिच्याकडे बघत राहतो. त्या कठोर नजरेत मला पाण्याच्या टाक्यात पडून जेवणाला मुकलेला तो तरुण भिक्षू दिसतो.